अलास्काची क्रूझ: केबिन सगळ्यात शेवटी निवडा

दर जानेवारी-फेब्रुवारीत मला तोच फोन येतो. "आई-बाबा मे महिन्यात येतायत, अलास्काची क्रूझ करायचीय, बाल्कनीवाली केबिन चांगल्या दरात मिळतेय, घेऊन टाकू का?" मी विचारतो, जहाज सुटतंय कुठून? "सिअ‍ॅटल. की व्हँकुव्हर? थांब, बघून सांगतो." आणि आई-बाबांचा कॅनडाचा व्हिसा? "कॅनडाचा कशाला? अलास्का अमेरिकेतच आहे ना!"

केबिन ही या सहलीची चौथी पायरी आहे आणि बहुतेक जण ती पहिली चढतात. मी सिअ‍ॅटलजवळ राहतो. एकदा आई-बाबांना आणि एकदा सासू-सासऱ्यांना घेऊन ही सहल केली आहे. खाली लिहिलेल्या चुकांपैकी निम्म्या माझ्या स्वतःच्या आहेत, त्यामुळे क्रमाबद्दल जरा आग्रहाने लिहितो आहे.

१. आधी मार्ग ठरवा

मोठ्या जहाजांचा मोसम साधारण एप्रिलअखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत असतो. सात दिवसांच्या फेऱ्या मुख्यतः तीन तऱ्हेच्या.

सिअ‍ॅटल ते सिअ‍ॅटल: अमेरिकेत राहणाऱ्यांना विमानाच्या दृष्टीने सगळ्यात सोयीची. पण ही जहाजं बहुधा व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिमेकडून, उघड्या पॅसिफिकमधून जातात. सुरुवातीचा आणि शेवटचा टप्पा डुलण्याचा असतो.

व्हँकुव्हर ते व्हँकुव्हर: ही फेरी व्हँकुव्हर बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधल्या चिंचोळ्या, बऱ्याच शांत पाण्यातून जाते. दोन्ही बाजूंना डोंगर. 'इनसाइड पॅसेज' म्हणतात ती खरी मजा इथे पहिल्या दिवसापासून मिळते. ज्यांना गाडी लागते त्यांच्यासाठी मी हीच सुचवतो.

एकमार्गी: व्हँकुव्हरहून उत्तरेला सुअर्ड किंवा व्हिटियरपर्यंत, किंवा उलट. यात जास्त प्रदेश दिसतो आणि पुढे डेनाली राष्ट्रीय उद्यानाची जमिनीवरची सहल जोडता येते. पण अलास्काचं आखात ओलांडावं लागतं, आणि ते कधीकधी चांगलंच खवळलेलं असतं. शिवाय ही बंदरं अँकरेजपासून लांब आहेत. व्हिटियरला जाणारा रस्ता अडीच मैलांच्या एकपदरी बोगद्यातून जातो. त्यातून आगगाडी आणि मोटारी आळीपाळीने सोडतात, आणि एका दिशेच्या मोटारींची पाळी साधारण तासातून एकदाच येते. ती चुकली की तासभर बसून राहा.

आता त्या फेरीत हिमनदी कोणती आहे ते बघा. जाहिरातीत 'ग्लेशियर दर्शन' एवढंच लिहिलेलं असतं. ते ग्लेशियर बे आहे, हबर्ड हिमनदी आहे, की एंडिकॉट आर्म ही खाडी? ग्लेशियर बे हे राष्ट्रीय उद्यान आहे. उन्हाळ्यात तिथे दिवसाला दोनच मोठी जहाजं सोडतात आणि उद्यानाचे रेंजर जहाजावर चढून माहिती सांगतात. माझं मत विचाराल तर ग्लेशियर बे असलेली फेरी थोडी महाग असली तरी घ्यावी. त्यातली आतली केबिन ही दुसऱ्या फेरीतल्या बाल्कनीपेक्षा चांगला सौदा आहे.

तपासा: मार्गाच्या तक्त्यात प्रत्येक बंदरात किती वाजता पोचणार आणि किती वाजता निघणार ते वाचा. केचिकनला सकाळी ६ ते दुपारी १२ असा थांबा असेल, तर ज्येष्ठांना घेऊन तिथे फारसं काही होत नाही.

२. मग तारीख

मे महिना त्यातल्या त्यात कोरडा, दर कमी, डोंगरांवर बर्फ भरपूर. महाराष्ट्रातून येणाऱ्यांची सुट्टीही तेव्हाच. जून-जुलैमध्ये दिवस लांबलचक असतात. जूनच्या अखेरीस ज्युनोत, म्हणजे अलास्काच्या राजधानीत, सुमारे अठरा तास उजेड असतो, गर्दी आणि दरही चढलेले. ऑगस्टमध्ये सामन मासे नद्यांत चढतात, त्यामुळे अस्वलं दिसण्याची शक्यता वाढते, पण पाऊसही वाढत जातो. सप्टेंबरात, म्हणजे गणपतीच्या आसपास, अमेरिकेतल्या शाळा सुरू झालेल्या असतात आणि दर पुन्हा उतरतात. आकाश मात्र बहुधा भरलेलं.

पावसाला घाबरून तारीख बदलू नका. केचिकनला वर्षाकाठी साधारण ३,८०० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे कोकणासारखाच, फक्त तो बारा महिन्यांत वाटून. छत्रीपुरता नव्हे, रेनकोटपुरता विचार करा.

३. कागदपत्रं: सगळ्यात जास्त लोक इथे अडकतात

१८८६ सालचा एक अमेरिकी कायदा आहे. परदेशी नोंदणीच्या जहाजाला अमेरिकेच्या एका बंदरातून प्रवासी घेऊन, मध्ये परदेशी बंदर न करता, नुसती अमेरिकी बंदरं हिंडता येत नाहीत. मोठी क्रूझ जहाजं जवळपास सगळीच परदेशी नोंदणीची. म्हणून सिअ‍ॅटलहून निघणारं जहाज परतताना कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबतं, बहुधा संध्याकाळी काही तास.

त्यामुळे भारतीय पासपोर्टवर प्रवास करणाऱ्याला दोन व्हिसा लागतात: अमेरिकेचा आणि कॅनडाचा. "आम्ही व्हिक्टोरियाला उतरणारच नाही" हा युक्तिवाद चालत नाही. जहाजावर चढतानाच कागद तपासतात आणि कॅनडाचा व्हिसा नसेल तर धक्क्यावरूनच परत पाठवतात. पैसेही परत मिळत नाहीत.

ग्रीन कार्डधारकांना वैध पासपोर्ट आणि वैध ग्रीन कार्ड असलं की कॅनडाचा व्हिसा लागत नाही. एच-वन-बीवाल्यांना ही सवलत नाही, त्यांना कॅनडाचा व्हिसा हवाच. त्यातून पासपोर्टवरचा अमेरिकी शिक्का संपलेला असेल तर कॅनडा करून परत येण्याचे नियम वेगळे आहेत. वकिलाला विचारल्याशिवाय पैसे भरू नका.

आई-बाबांच्या बाबतीत कॅनडाचा अर्ज निदान तीन-चार महिने आधी सुरू करा. बोटांचे ठसे द्यावे लागतात (मागच्या दहा वर्षांत दिले असतील तर पुन्हा लागत नाहीत), आणि शिक्क्यासाठी पासपोर्ट काही दिवस हातातून जातो. अमेरिकेच्या विमानाच्या दहा दिवस आधी पासपोर्ट दुसऱ्याच्या ताब्यात असणं कोणाच्याही रक्तदाबाला चांगलं नाही.

सावधान: अलास्कातल्या स्कॅगवे बंदराहून निघणाऱ्या काही रेल्वे आणि बसच्या सहली डोंगर चढून कॅनडाच्या हद्दीत जातात. तिथे पासपोर्ट लागतो. तो केबिनच्या तिजोरीत ठेवून निघालेलं एक अख्खं कुटुंब मी धक्क्यावर उभं राहिलेलं पाहिलं आहे.

मार्ग, तारीख, व्हिसा. हे तिन्ही जागेवर आले की केबिनकडे वळा.

४. केबिनचा प्रकार

आतली केबिन (बिनखिडकीची), खिडकीची, बाल्कनीची आणि त्यावर स्वीट, म्हणजे सगळ्यात मोठी आणि महाग केबिन. आतली केबिन साधारण दीडशे ते पावणेदोनशे चौरस फुटांची असते. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची, त्यावरून अंदाज घ्या. केबिनच्या मापात संडास-बाथरूमही धरलेलं आहे.

आतल्या केबिनमध्ये दिवा बंद केला की ठार काळोख. झोप छान लागते, पण वेळ कळत नाही. पहिल्या सहलीत आई अंघोळ करून, केस विंचरून, पर्स घेऊन आमच्या दारात उभी. "चहाला चला की, किती वेळ झोपताय?" घड्याळात अडीच वाजले होते. रात्रीचे. उपाय सोपा आहे: टीव्हीवर जहाजाच्या पुढच्या कॅमेऱ्याचं चॅनेल असतं, ते आवाज बंद करून चालू ठेवा. बाहेर उजेड आहे की नाही ते पडद्यावर दिसतं.

खिडकीची केबिन मला अर्धवट वाटते. काच उघडत नाही, आणि बाहेर एका वेळी एकालाच नीट दिसतं. दर आतल्या केबिनच्या जवळ असेल तरच घ्या.

बाल्कनी अलास्कात खरंच कामाला येते. उन्हात बसायला नव्हे. ज्येष्ठ मंडळी वरच्या डेकवरच्या वाऱ्यात अर्ध्या तासाच्या वर टिकत नाहीत. केबिनमधून गोधडी गुंडाळून बाहेर यायचं, दहा मिनिटं बघायचं, परत आत जाऊन गरम पाणी प्यायचं, हे बाल्कनीतच जमतं. दुसऱ्या सहलीत सासऱ्यांना पहिला देवमासा बाल्कनीतून दिसला, सकाळी सहाला, दाढी करता करता. मात्र तुम्ही तरुण असाल आणि दिवसभर डेकवरच राहणार असाल, तर तेच पैसे ज्युनोच्या देवमासे दाखवणाऱ्या बोटीवर खर्च करा.

दोन केबिन घ्यायच्या असतील तर आई-बाबांना बाल्कनी आणि बोळात बरोबर समोरची आतली केबिन तुम्हाला आणि मुलांना. दोन बाल्कन्यांपेक्षा खूप स्वस्त पडतं, आणि बाल्कनीत सगळेच बसता.

सावधान: चौघांसाठी एकच केबिन घेताना वरचे बंक छतातून खाली येतात आणि त्यावर शिडीने चढावं लागतं, हे लक्षात ठेवा. साठीच्या पुढच्या माणसाला तिथे झोपवू नका. आणि व्हीलचेअर वापरणारं कोणी असेल तर नेहमीच्या केबिनच्या दारातून ती बहुधा आत जात नाही. त्यासाठीच्या खास केबिन मोजक्याच असतात आणि लवकर संपतात, त्या फोन करूनच मागा.

५. केबिनची जागा: नकाशा असा वाचा

बुकिंगच्या पानावर जहाजाच्या प्रत्येक मजल्याचा नकाशा असतो. लोक फक्त आपल्या मजल्याचा बघतात. तुम्ही तीन उघडा: आपला, त्याच्या वरचा आणि त्याच्या खालचा. तिन्हीत लिफ्टच्या चौकोनी खुणा एकाच जागी असतात. त्या एकावर एक जुळवा, म्हणजे आपल्या डोक्यावर आणि पायाखाली नेमकं काय आहे ते कळेल. वर केबिन, खाली केबिन, मध्ये आपण. अशी जागा शोधा.

मी पहिल्या वेळी हे केलं नाही. आई-बाबांची केबिन पोहण्याच्या तलावाच्या बरोबर खाली आली. पहाटे पाचला कर्मचारी डेक धुतात आणि आरामखुर्च्या ओढून रांगेत लावतात. बाबा चार दिवस म्हणत होते, "वरच्यांचं सामान हलवून संपत कसं नाही?"

टाळायच्या जागा:
- पूल, बुफे, जिम यांच्या खाली. नाट्यगृह किंवा नाचाच्या हॉलच्या वर.
- नकाशावर नाव नसलेला कोरा भाग शेजारी असेल तर. तिथे स्वयंपाकघर, भांडार किंवा यंत्रं असतात आणि ढकलगाड्या रात्रभर फिरतात.
- दोन केबिनमध्ये दार दाखवणारी खूण असलेल्या, शेजारचे लोक तुमचे नसतील तर. त्या दारातून खोकलासुद्धा ऐकू येतो.
- अगदी पुढचं टोक. लाटेत तेच सगळ्यात जास्त वर-खाली होतं. शिवाय धुक्यात भोंगा वाजतो, दोन मिनिटांच्या आत पुन्हा पुन्हा, आणि अलास्कात उन्हाळ्यातही धुकं असतं.
- अगदी मागचं टोक. मागची बाल्कनी मोठी आणि देखणी असते, पण धक्क्याला लागताना थरथर जाणवते आणि जेवणघरापर्यंत चालावंही बरंच लागतं.

बोट लागत असेल तर मधला भाग आणि खालचा मजला. एसटीच्या शेवटच्या सीटवर बसून घाट उतरलेल्यांना यामागचं कारण सांगायला नको.

लिफ्टच्या अगदी तोंडाशी नको, पण गुडघेदुखी असलेल्यांना दोन-चार दारांपलीकडे हवीच. मोठ्या जहाजाचा बोळ तीनशे मीटरच्या आसपास असू शकतो, आणि विसरलेला चष्मा आणायला तो पुन्हा चालावा लागतो.

डावी की उजवी? जहाजाच्या पुढच्या टोकाकडे तोंड केलं की उजवी बाजू म्हणजे स्टारबोर्ड, डावी म्हणजे पोर्ट. उत्तरेला जाणाऱ्या एकमार्गी फेरीत मुख्य किनारा उजवीकडे, दक्षिणेला येणाऱ्या फेरीत डावीकडे. निघाल्या बंदरालाच परतणाऱ्या फेरीत जाता-येता हिशेब फिटतो. हिमनदीसमोर जहाज स्वतःभोवती फिरवतात, त्यामुळे दोन्ही बाजूंना दिसते. बाजूसाठी जास्त पैसे देऊ नका.

तपासा: स्वस्त बाल्कनी दिसली की तपशिलात 'दृश्य अडलेलं' असं लिहिलं आहे का ते बघा. एका मित्राच्या बाल्कनीसमोर सात दिवस नारिंगी लाइफबोटीचं छप्पर होतं.

६. 'गॅरंटी' केबिन आणि अपग्रेडचा मोह

गॅरंटी म्हणजे प्रकार तुम्ही निवडायचा, केबिन कंपनी देणार, तेही निघण्याच्या थोडे दिवस आधी. स्वस्त मिळते. एकटा-दुकटा असाल, कुठेही झोप लागत असेल, तर जरूर घ्या. आई-बाबा बरोबर असतील, दोन केबिन जवळजवळ हव्या असतील किंवा कोणाला बोट लागत असेल, तर अजिबात नको.

बुकिंगनंतर बोली लावून वरच्या वर्गात जाण्याचे ईमेल येऊ लागतात. बोली लागली तर वर्ग वाढतो, पण नकाशे जुळवून निवडलेली जागा जाते. मधली शांत केबिन देऊन पुढच्या टोकाची बाल्कनी पदरात पडू शकते. बोली लावू नका, आणि फुकट अपग्रेडही नको असेल तर तसं बुकिंगवर नोंदवून घ्या.

७. पैसे

दाखवलेला दर माणशी असतो, तोही केबिनमध्ये दोघं धरून. एकट्याला जवळपास दुप्पट पडतो. त्यावर बंदरशुल्क आणि कर, आणि माणशी रोज साधारण १६ ते २० डॉलर टिप. पूर्ण रक्कम भरण्याची अंतिम तारीख बहुधा तीन महिने आधीची असते. त्या तारखेपर्यंत दर आठवड्याला एकदा आपल्याच केबिनचा दर बघत राहा. उतरला असेल तर फोन करून कमी करून मागता येतो. तारीख उलटली की ही संधी गेली, आणि रद्द केल्यास दंडही लागतो.

आई-बाबांचा विमा घेताना त्यात जहाजावरचे उपचार आणि हेलिकॉप्टरने हलवण्याचा खर्च आहे का, हे शब्दशः वाचा.

८. बॅगेत काय, काय नाही

एक जाड स्वेटर नको. थर हवेत: आत थर्मल, वर लोकरी किंवा फ्लीस, त्यावर टोपीचा जलरोधक कोट. बंदरांत १० ते १८ अंश असतं, हिमनदीजवळ वाऱ्यामुळे हात बधिर होतात. बाबांची माकडटोपी आम्ही सगळे हसून घरी ठेवायला लावत होतो. हिमनदीच्या दिवशी ती तिघांनी आळीपाळीने वापरली. जीन्स भिजली की दिवसभर वाळत नाही, दुसरी पँट घ्या. दुर्बीण माणशी एक. एकाच दुर्बिणीवर भांडणं होतात आणि तोवर देवमासा बुडी मारतो.

इलेक्ट्रिक किटली, इस्त्री, छोटा राइस कुकर: बहुतेक जहाजांवर बंदी, स्कॅनमध्ये दिसले की काढून घेतात. गरम पाणी बुफेत मिळतं, थर्मास न्या. सीलबंद चिवडा, खाकरा, लाडू बहुधा चालतात. घरचा ओला डबा नाही. आणि जहाजावरचं फळ खिशात घालून बंदरात उतरू नका. शाकाहारी किंवा जैन जेवण हवं असेल तर महिना-दीड महिना आधी कळवा, आणि चढल्यावर पहिल्याच रात्री मुख्य वाढप्याला भेटा. दुसऱ्या दिवशीची भाजी-डाळ आदल्या रात्री सांगितली तर नीट होते.

छोट्या पण मोलाच्या गोष्टी: एक प्लॅस्टिकचा मग (का ते सांगायला नको), आणि चार चुंबकाचे हूक. केबिनच्या भिंती पोलादी असतात, ओले कोट त्यांवर टांगता येतात. रिकाम्या बॅगा पलंगाखाली जातात.

बोट लागण्याची गोळी, अ‍ॅव्होमिन किंवा डॉक्टर सांगतील ती, डुलायला लागल्यावर नव्हे तर आधी घ्यायची असते. तिने झोप येते. रोजची औषधं चालू असतील तर आधी विचारा. आलेपाकाची वडी जोडीला असू द्या.

९. चढण्याचा दिवस आणि पहिला तास

विमानाने आदल्या दिवशीच पोचा. सिअ‍ॅटलला क्रूझचे दोन वेगळे धक्के आहेत, पिअर ६६ आणि पिअर ९१, आणि टॅक्सीवाल्याला नुसतं 'क्रूझ' म्हणून भागत नाही. व्हँकुव्हरला अमेरिकेची इमिग्रेशन तपासणी कॅनडा प्लेस धक्क्यावरच होते, तिथे रांगेचा वेळ धरा. मोठ्या बॅगा हमालाकडे दिल्या की संध्याकाळपर्यंत केबिनपाशी येतात, म्हणून औषधं, पासपोर्ट आणि एक स्वेटर हातातल्या पिशवीत.

केबिनमध्ये शिरल्यावर आधी पलंग बघा. जोडलेले हवेत की वेगळे, ते लगेच केबिनवाल्याला सांगा. नळ, फ्लश, दिवे, तिजोरी तपासा. काही बिघाड असेल तर त्याच तासात कळवा, कारण केबिन बदलून मिळण्याची थोडीफार आशा पहिल्याच दिवशी असते. बाल्कनीचं दार उघडं असताना बोळाकडचं दार उघडू नका. वाऱ्याने ते असं आपटतं की बोटं सापडतात.

फोन विमान मोडवर टाका, नाहीतर समुद्रातलं नेटवर्क पकडून बिल येतं. अलास्काची वेळ सिअ‍ॅटलच्या एक तास मागे असते. परतीची वेळ नेहमी जहाजाच्या घड्याळाने मोजा.

१०. हिमनदीचा दिवस

आदल्या रात्री कार्यक्रमपत्रिकेत वेळ बघा आणि पुढचा मोकळा डेक उघडणार आहेत का ते विचारा. पुष्कळ जहाजं एरवी बंद असलेलं पुढचं टोक त्या दिवशी उघडतात. जहाज हिमनदीकडे जाताना वर थांबा, समोर पोचून फिरू लागलं की बाल्कनीत या.

बर्फाचा कडा कोसळताना आवाज ऐकून मान वळवली तर उशीर झालेला असतो. आवाज पोचायला सेकंदभराच्या वर लागतो, तोवर तुकडा पाण्यात गेलेला असतो. म्हणून एकच भेग निवडा आणि तिच्याकडेच बघत राहा. कॅमेरा खाली ठेवलात तरी चालेल.

११. शेवटची रात्र

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा दाराबाहेर ठेवायच्या असतात. त्या सकाळी धक्क्यावरच परत मिळतात. बॅग बाहेर ठेवण्याआधी पलंगावर या गोष्टी वेगळ्या काढा: पासपोर्ट, औषधं, चार्जर, चष्मा, आणि दुसऱ्या दिवशीचे संपूर्ण कपडे, चपला-बुटांसकट. परतीचं विमान दुपारी एकच्या आधीचं घेऊ नका.

बाबांनी उत्साहाने सगळं भरून रात्री दहालाच बॅगा बाहेर ठेवल्या होत्या. सकाळी कळलं की अंगावरच्या पायजम्याशिवाय त्यांच्याकडे काहीच नाही. ते माझ्या ट्रॅक पँटमध्ये, पायाशी दोन घड्या घालून, सिअ‍ॅटलच्या धक्क्यावर उतरले.